आमची तसबीर पत्र्याची नाही

मंगळवार, दुपारच्या कॉफीनंतर

ती. वालबुर्गाताईस,

कुनिगुंडेचा वाकून नमस्कार. (वाकता येतं तितकंच, माझी कंबर तुला ठाऊक आहे.) तिकडे लिंट्सला तुझी, भावजींची आणि त्या म्हाताऱ्या मांजराची प्रकृती ठीक असेल अशी आशा करते. गुडघ्यासाठी पाठवलेलं मलम लावतेस की नुसतं कपाटात ठेवून त्याचा वास घेतेस, तेही कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. रक्तदाब तेवढा वाढला आहे, शुक्रवारपासून डोळ्याला डोळा नाही, डावी पापणी आपोआप फडफडते आणि तिघांशी मी बोलणं टाकलं आहे. त्यातला एक आपला सख्खा भाऊ. बाकी इकडे सगळं क्षेम आहे.

लेओनहार्टच्या रोस्विताच्या लग्नाला तुला येता आलं नाही, ते एका परीने बरंच झालं. (इथे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं आहे की तू अंथरुणाला खिळली आहेस, तेव्हा कुणाचं पत्र आलं तर अंथरुणातूनच उत्तर दे.) लग्न शनिवारी झालं. चांगलं झालं असं म्हणतात. मी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, खांबाच्या मागे बसले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला ऑर्गन आला आणि पाद्रीबाबांचा खोकला आला. मी खरं म्हणजे जाणारच नव्हते, पण टोपी आधीच शिवून झाली होती. करडी आहे, बाजूला तितराचं पीस आहे, आणि ती कुणालाही दिसली नाही. तू विचारशील, नवरीची सख्खी आत्या खांबामागे का? कारण ताई, आदल्याच संध्याकाळी आपल्या घराण्याचा भर रस्त्यात पाणउतारा झाला, आणि तो करणारी बाई पहिल्या बाकावर, फुलांच्या शेजारी बसली होती.

आता मी शांतपणे, क्रमाने सांगते. तसबिरीपासून सुरुवात करायला हवी. पणजोबा बाल्टाझारांनी कारखान्याच्या कामातून वेळ चोरून चिनी मातीच्या पाटीवर रंगवलेली आपली तसबीर. मेंढपाळ राजपुत्र पॅरिस झाडाखाली बसलाय, हातात सफरचंद, आणि समोर तिघी देव्या, आमच्यात देखणी कोण ते सांग म्हणून उभ्या. पणजोबांनी या तिघींना तोंडं दिली ती पणजीची आणि तिच्या दोन बहिणींची, आणि व्हीनस नक्की कोणती यावरून त्या तिघी मरेपर्यंत एकमेकींकडे जेवायला गेल्या नाहीत. (पणजोबांनी कधी सांगितलं नाही. जूनोला मोर आहे आणि मिनर्व्हाला शिरस्त्राण, त्यामुळे देव्या ओळखू येतात. पण घरातली कोण कुठे, ते सांगणं पणजोबा कारखान्यातून उशिरा घरी येऊन टाळत राहिले.) तोंड तिघींतल्या कुणाचं असेल ते असो, पण त्या मिनर्व्हाची हनुवटी थेट तुझी आहे. तिघींत तीच काय ती अंगभर कपड्यांत. मी कॉफीचा कप विसळायचा टाकून खुर्चीत टेकले, की सोफ्याच्या वरून ती जशी बघते तशी तू बघायचीस. भावजींच्या आईला उघड्या देव्या भिंतीवर चालणार नाहीत म्हणून लिंट्सला जाताना तू ती माझ्याकडे ठेवलीस, तेव्हापासून त्या नजरेखाली माझे सगळे कप विसळले गेले आहेत. माझे हे गेल्यावर तर घरात माझ्याकडे बघणारं तेवढंच एक माणूस उरलं.

आणि खाली उजव्या कोपऱ्यात तो कुत्रा. तुला आठवत असेल, त्याच्या शेपटीवरून आपलं केवढं जुंपायचं. कुत्र्याचं मागचं अंग बाबांनी केलेल्या चौकटीखाली जायचं. तू म्हणायचीस शेपटी चौकटीखाली आहे, मी म्हणायचे शेपटी कापलेलीच आहे, आणि एकदा बाबांनी दोघींनाही सूप न देता झोपायला पाठवलं होतं. त्यांनी चौकट उघडून दाखवली असती तर एका मिनिटात मिटलं असतं. पण बाबा म्हणजे बाबा.

तर रिवाजाप्रमाणे तसबीर पुढच्या पिढीत जी मुलगी सगळ्यांत आधी लग्न करेल तिची. तुला दोन मुलगे, मला कुणी नाही, म्हणजे रोस्विताची. माझी काही हरकत नव्हती. (हरकत असती तर मी तसं म्हटलं असतं. मी तसं म्हटलं नाही, हे लेओनहार्टलाही मान्य आहे.) फक्त ती मी लग्नाच्या दिवशी द्यायची नाही असं ठरवलं. भेटींच्या टेबलावर दोन इस्त्र्या आणि एका अंडी उकडायच्या यंत्राच्या मधे ती कुणाला दिसली असती? आदल्या संध्याकाळच्या भांडीफोडीला सगळं गाव दारात असतं, तेव्हा चारचौघांत द्यावी म्हटलं. चौकट मात्र काढून घेतली. वारशात आहे ती तसबीर. चौकट आपल्या परसातल्या नासपतीच्या लाकडाची, बाबांच्या हातची, तिचा पणजोबांशी काही संबंध नाही. लेओनहार्ट याला कद्रूपणा म्हणतो. मी याला व्यवस्थितपणा म्हणते. आणि चौकट काढल्यावर जे दिसलं ते तुला कळवणं माझं कर्तव्य आहे: शेपटी आहे. चांगली झुबकेदार, वर वळलेली. तुझं बरोबर होतं. हे मी एकदाच लिहीत आहे.

आपल्या गावची भांडीफोड तू विसरली नसशील. बाकीच्या गावांत लोक दोन कानतुटके कप आणतात, नवरीच्या दारात आपटतात, नवरा-नवरी मिळून ते झाडतात आणि मंडळी बिअर पिऊन घरी जातात. आपलं गाव चिनी मातीच्या कारखान्याचं, आपल्याकडे तिथला डागी माल ढकलगाडीने येतो. या खेपेला सूपाची मोठी भांडी होती, ताटल्यांच्या चळती होत्या, हात धुवायचं एक आख्खं बेसिन होतं, आणि ते कुणी आणलं हे अजून कुणी कबूल केलेलं नाही. मी कपड्यांच्या टोपलीत, जुन्या पलंगपोसात गुंडाळून तसबीर नेली आणि लेओनहार्टच्या फाटकाशी एक मिनिट खाली ठेवली. एकच मिनिट. कारण स्वयंपाकघरातून वहिनी येऊन माझ्या कानात म्हणाली, की विहीणबाईंनी बटाट्याच्या सॅलडमध्ये मेयोनेझ घातलंय. याची शहानिशा करणं भाग होतं. (घातलं होतं. आपण व्हिनेगर आणि गरम रश्शाने सॅलड करतो हे त्यांना ठाऊक असूनही. मंडळी डोंगरापलीकडची, बिअरच्या गावची. त्यांना पिंपं कळतात.)

माझ्या हातात सॅलडचा चमचा होता तेव्हा बाहेर नवऱ्याचा मामा ओट्टोकार फाटकाशी आला. हा खाटीक आहे आणि अंगानेही खाटकाच्या दुकानाएवढाच आहे. फाटकाशी टोपल्या दिसल्या, त्यातलं उचलायचं आणि उंबऱ्यावर आपटायचं, एवढंच त्याला सांगितलेलं. त्याने पलंगपोस झटकला, चित्राकडे बघून "अरे वा, बायका" असं म्हणाला (हे मला शेजारच्या बाईने सांगितलं, आणि तिने हे का थांबवलं नाही याचं उत्तर अजून दिलेलं नाही), आणि आपल्या पणजोबांची तसबीर, ताई, त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन फेकली. लेओनहार्ट म्हणतो, भांडीफोडीच्या दारात चिनी माती टोपलीत आणून ठेवली तर ती फोडायलाच आणली असं कुणालाही वाटेल, यात बिचाऱ्याचं काय चुकलं. म्हणून मी लेओनहार्टशी बोलत नाही.

मी आत होते. मला वाटलं खळ्ळ असा आवाज येईल, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ताटलीचा येतो तसा. पण आवाज आला तो ठण्ण असा. आणि पाठोपाठ शांतता. भांडीफोडीला आपल्या गावात शांतता पसरलेली तू कधी पाहिली आहेस का? मग पुन्हा ठण्ण. कारण ओट्टोकार जरी परगावचा, तरी एवढं त्याला कुणीतरी बजावलं होतं, की उंबऱ्यात आलेली वस्तू फुटलीच पाहिजे. फुटली नाही तर त्या घरात भांडण मुक्कामाला येतं. मी चमचा घेऊन बाहेर धावले तर त्याने तिसऱ्यांदा उचललेली. तिघी देव्या माझ्याकडे बघतायत, पॅरिसचं सफरचंद बोटांत तसंच, आणि ओट्टोकारच्या कपाळाला घाम.

तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "सोड रे ओट्टोकार, किती दमशील. पत्र्याचं आहे ते."

विहीणबाई म्हणजे इर्मेनगार्डबाई, नवऱ्याची आई. आवाज गोड, केस गोड, सॅलड गोड. मी म्हटलं, "बाई, ती आमच्या पणजोबांनी रंगवलेली चिनी माती आहे." त्या म्हणाल्या, "असेल हो कुनिगुंडेबाई, पण चिनी माती फुटते." आणि लोक हसले. ताई, परके हसले असते तर मी गिळलं असतं. आपले हसले. ज्यांच्या बापजाद्यांनी जन्मभर भट्ट्या पेटवल्या, ज्यांच्या घरी कपाला नुसतं नख लावून त्याची परीक्षा करतात, ते सगळे बिअरचे मग धरून हसले, कारण खरंच, आपल्या गावात चिनी माती पडून फुटत नाही हे कुणी कधी पाहिलेलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी वस्तू फुटली म्हणून लोक रडतात. आणि मी आपल्या दारात उभी राहून ती फुटली नाही म्हणून शरमेने लाल होते.

मी ओट्टोकारच्या हातातून ती ओढून घेतली आणि म्हटलं, "थांबा. दाखवते तुम्हाला पत्रा आहे का काय ते." आणि मी ती डोक्यावर नेली. मी स्वतः. कंबरेची पर्वा न करता. सगळे ओरडायला लागले, फोडा फोडा, लेओनहार्टसुद्धा, तो तर टाळ्या वाजवत होता, त्याला वाटलं गंमत चालली आहे. एक क्षण होता, ताई. हात खाली यायचा तेवढाच. घराण्याची अब्रू त्या एका झटक्यात परत आली असती, तुकडे सगळ्यांच्या पायाशी पडले असते, पांढरेशुभ्र, आणि मी म्हणू शकले असते, घ्या, मोजा. आणि मी वर बघितलं तर तुझी हनुवटी. शिरस्त्राणाखालून तू बघत होतीस, मी काहीतरी वेडेपणा करायला निघाले की बघायचीस तशी. माझ्याने होईना. मी ती खाली घेतली आणि छातीशी धरली.

विहीणबाई जवळ आल्या, माझ्या दंडावर हात ठेवला आणि अगदी समजुतीने म्हणाल्या, "असू द्या हो. जुन्या पत्र्यावरसुद्धा माणसाचा जीव असतो." त्या कुत्सितपणे म्हणाल्या असत्या तर एवढं लागलं नसतं. रोस्विता आणि तिचा डीटमार झाडू धरून उभे होते, फोडलेलं सगळं त्यांनीच झाडायचं असतं म्हणून. डीटमार झाडूच्या दांड्याकडे बघत होता. आणि रोस्विता, जिला मी बोट धरून चालायला शिकवलं, ती खाली मान घालून तुकडे गोळा करत होती. माझ्या बाजूने एक शब्द बोलली नाही. मी तसबीर पलंगपोसात गुंडाळली आणि घरी आले. दिवाही न लावता ती चौकटीत बसवली आणि भिंतीवर टांगली, कारण त्या वेळी मला तिघींपैकी कुणाच्याही तोंडाकडे बघवत नव्हतं. ज्यांना ती पत्रा वाटते त्यांना पत्राच द्यावा. लग्नात मी इस्त्री दिली. (म्हणजे आता त्यांच्याकडे तीन झाल्या.)

पण मी गप्प बसणारी नाही हे तुला माहीत आहे. सोमवारी सकाळी मी लोखंडी सामानाच्या दुकानातून लोहचुंबक आणलं, तसबीर चौकटीसकट काखेत मारली आणि पाववाल्याच्या दारात जाऊन उभी राहिले, कारण विहीणबाई परत जाईपर्यंत खानावळीत उतरल्या आहेत आणि सकाळचे पाव स्वतः निवडतात. चारपाच माणसं जमली. मी सगळ्यांदेखत लोहचुंबक व्हीनसच्या पोटाला लावलं. चिकटलं नाही. जूनोला लावलं, मोराला लावलं, कुठेच चिकटलं नाही. विहीणबाईंनी पिशवीत पाव मोजून घेतले आणि म्हणाल्या, "मग अ‍ॅल्युमिनियम असेल. हलकं असतं, आणि गंजत नाही." तसबीर माझ्या हाताला इतकी जड झाली होती की मला उत्तर द्यायला श्वास उरला नव्हता, आणि लोकांनी ती माघार समजली.

तिथून मी पाद्रीबाबांकडे गेले. माझं म्हणणं साधं होतं, येत्या रविवारच्या प्रवचनात एक वाक्य घालायचं, की कुनिगुंडेची तसबीर चिनी मातीची आहे. ते म्हणाले, प्रवचनपीठ त्यासाठी नसतं. मी म्हटलं, मग घंटेसाठी वर्गणी मागायला कसं असतं? ते म्हणाले, तसबिरीत तर ग्रीकांच्या देव्या आहेत, शिवाय त्या तशा आहेत. पण परीक्षा करायला म्हणून त्यांनी चष्मा लावला, आणि बराच वेळ केली. शेवटी इतकंच म्हणाले की जूनो आपल्या चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याच्या बायकोसारखी दिसते. पाद्रीबाबांशीही मी आता बोलत नाही.

शेवटी औषधांच्या दुकानाचे लिंडाउअर. त्यांनी चमच्याने वाजवून बघितली, दिव्यासमोर धरली, मागून हुंगली. आणि म्हणाले, "बाई, एखाद्या कडेचा टवका उडालेला असला ना, तर आत्ता सांगतो. चिनी माती तुटली की आतून बघायची, मग शंकाच राहत नाही. कुठे काही उडालंय?" मी ताठ मानेने म्हटलं, "केसाएवढंसुद्धा नाही." आणि म्हणताक्षणी मला कळलं की मी स्वतःविरुद्धच साक्ष दिली. म्हणजे बघ ताई, फुटली नाही म्हणून ती खोटी, आणि फोडल्याशिवाय खरी ठरत नाही. हा कुठला न्याय? त्या पॅरिसने पुढे केवढं युद्ध ओढवून घेतलं, पण निदान त्याने सफरचंद कुणाला तरी देऊन टाकलं. इथे सगळं गाव सफरचंद हातात धरून मला म्हणतंय, आधी तुम्ही मरून दाखवा.

लेओनहार्ट रविवारी येऊन गेला होता. म्हणाला, "कुनी, झालं गेलं सोड आणि तसबीर पोरीला देऊन टाक." मी त्याला लिहून दाखवलं (बोलत नाही ना), की इर्मेनगार्डबाई जोवर आपले शब्द मागे घेत नाहीत तोवर तसबीर या भिंतीवरून हलणार नाही. जिचा अपमान झाला तिलाच त्या घरी नांदायला पाठवायचं? त्या घरात उद्या तिच्यावर पाव कापतील. तू थोरली आहेस, वारसा तुझ्या हातून माझ्याकडे आला, तेव्हा तू मला दोन ओळी लिही, की कुनिगुंडेने केलं ते योग्य केलं, आणि तसबीर सध्या कुनिगुंडेकडेच राहू द्यावी. 'सध्या' हा शब्द जरा मोठ्या अक्षरात लिही. ते पत्र मी लेओनहार्टला दाखवीन, पाववाल्याकडेही दाखवीन.

भावजींना नमस्कार, मांजराला मासे, आणि गुडघ्याला मलम.

तुझी अपमानित धाकटी बहीण,
कुनिगुंडे

ता. क. पाकिटाला जीभ लावणार तोच दार वाजलं, म्हणून पत्र परत बाहेर काढलं आहे. दारात रोस्विता होती. हातात काड्यापेटी. आणि तिच्या मागे, जिन्यात, इर्मेनगार्डबाई, त्यांच्या हातात झाकलेलं भांडं. मी दार लावून घेणार होते, पण रोस्विताने पाय मधे घातला. (तेही मीच शिकवलं होतं.) ती म्हणाली, "आत्या, आधी हे बघ, मग हाकलून दे." काड्यापेटीत एक टवका होता. त्या संध्याकाळी झाडता झाडता तिला पांढऱ्या ताटल्यांच्या चुऱ्यात काहीतरी रंगीत दिसलं, तेच ती खाली मान घालून शोधत होती; आणि लग्नाची गडबड आटोपल्यावर, आज सकाळी, ती आधी माझ्याकडे नाही, सासूकडे गेली. त्यांना खिडकीशी उभं केलं आणि म्हणाली, आई, याची कड बघा, आणि मग पत्रा म्हणा. नवीन सुनेने सासूला असं म्हणायला काय लागतं ते तुला माहीत आहे, तू भावजींच्या आईला जन्मात म्हणाली नाहीस. इर्मेनगार्डबाई मला म्हणाल्या, "कुनिगुंडेबाई, मी चुकले. चिनी माती आहे, आणि चांगली आहे." चौकात नाही म्हणाल्या, जिन्यात म्हणाल्या, पण खालच्या मजल्यावरची बाई दार किलकिलं करून ऐकत होती, म्हणजे आत्तापर्यंत चौकात पोचलं असेल. भांड्यात बटाट्याचं सॅलड होतं. व्हिनेगर आणि रश्शाचं. व्हिनेगर थोडं कमी, पण ते मी बोलले नाही.

आम्ही तिघींनी मिळून चौकट उघडली. टवका कुठला ते तुला कळलंच असेल. उजवा कोपरा, खाली. रोस्विताने तो तिथे ठेवला आणि तो बरोबर बसला, झुबकेदार, वर वळलेला. मग तिने बोट काढलं आणि तो पडला. कुत्र्याला आता शेपटी नाही, ताई. म्हणजे माझंही बरोबर होतं.

ता. क. दुसरा. वर मी तुला दोन ओळी लिहायला सांगितल्या आहेत, त्या लिहू नकोस. इर्मेनगार्डबाई गेल्या, रोस्विता मागे थांबली, आणि मी तासभर मनात तसबीर न देण्याचं दुसरं एखादं कारण शोधलं, आणि मला सापडलं नाही. माफी मागून झाली, सॅलड सुधारलं, सगळं गाव ऐकून आहे. रागवायला जागाच ठेवली नाही त्यांनी. आणि त्यातही रोस्विताने तसबीर मागितली नाही. मागितली असती तर मला नाही म्हणता आलं असतं. तसबीर पुन्हा भिंतीवर लावल्यावर ती नुसती माझ्या खुर्चीत कॉफी प्यायली, कप बाजूला ठेवला, आणि तिचं लक्ष वर गेलं. थोडा वेळ बघत राहिली, मग उठून गेली आणि कप विसळून आली. परत येऊन म्हणाली, "आत्या, ही कोण गं? हिच्यापुढे उष्टा कप ठेवायला लाज वाटते." मी म्हटलं, "ती वालबुर्गाआत्या." आणि मी तसबीर उतरवून तिला दिली. त्याच पलंगपोसात. या खेपेला फाटकापर्यंत मी स्वतः हातात धरून नेली.

ता. क. तिसरा, बुधवारी सकाळी. चौकट मात्र मी दिलेली नाही. ती बाबांची आहे, याबद्दल कुणी वाद घालू नये. ती सोफ्याच्या वर तिच्या जागी आहे आणि तिच्यातून भिंतीवरचा जुना फुलांचा कागद दिसतो, आजूबाजूच्यापेक्षा खूपच ताज्या रंगाचा. तर तू तुझा एक फोटो काढून घे आणि पाठव. मोठा हवा. मापात चूक नको म्हणून पाकिटात दोन दोरे घातले आहेत, लाल उंचीचा आणि पांढरा रुंदीचा. भावजी नकोत, मांजर चालेल. शिरस्त्राण नसेल तर टोपी घाल, पण हनुवटी दिसली पाहिजे, आणि बघायचं थेट इकडे. फोटोवाल्याला सांग, चारी बाजूंना थोडी जागा सोड, आपल्या चौकटीखाली काय काय जातं ते आपल्याला ठाऊक आहे. लवकर पाठव. कालपासूनचे सगळे कप तसेच पडले आहेत.